अर्धा ठेवलेला भीमपलास

तीर्थरूप मामा यांस,

तुमच्या बधिर भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदापुरता धरावा. मी हे दोन शिफ्टच्या मधल्या वेळात, औषधांच्या ट्रॉलीवर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहिते आहे. आमच्या खोलीत आडवं व्हायची परवानगी फक्त पेशंटला असते.)

तुमची प्रकृती कशी आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? आणि तुमच्या रेकॉर्डप्लेअरला नवी सुई मिळाली का? (ही चौकशी सर्वांत आधी करायला हवी होती, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. घरातल्या थोरल्याचा मान राहिला नाही, माफ करा.) इकडे आम्ही सगळे ठीक. आमच्या ह्यांनी पोट कमी करायचा निश्चय पुन्हा एकदा केला आहे आणि लेक सध्या दाराआडून बोलते, म्हणजे तिचं वय जसं वाढायला हवं तसंच वाढतंय.

तर पार्सल केव्हाच पोचलं. आत बोटाच्या पेराएवढा पेनड्राइव्ह आणि त्याच्याभोवती गुंडाळलेलं तुमचं पत्र. पत्राची घडी उलगडता उलगडता आत खरंच काही आहे की कांद्यासारखी नुसतीच सालं आहेत, अशी शंका यायला लागली होती. सगळं वाचलं. कोणतं वादन का ऐकायचं, कोणतं का ऐकायचं नाही, कुणाची सतार बोलते आणि कुणाची नुसती बडबडते, कोणत्या मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये तबला जरा पुढे आलाय त्याबद्दल तबलजीला नव्हे तर माइक लावणाऱ्याला क्षमा करायची, हे सगळं. नियमही वाचले. सकाळचा राग संध्याकाळी लावायचा नाही. आलाप चालू असताना बोलायचं नाही, कुरकुरीत काही खायचं नाही, शक्यतो उठायचं नाही. (हा एक नियम आमच्याकडे आपोआप पाळला जातो, कारण ऐकणाऱ्यांच्या दंडात प्रत्येकी दोन सुया असतात.) आणि सर्वांत मोठा, तुम्ही खाली दोन रेघा मारलेला नियम: राग मधेच तोडायचा नाही, तोडणं म्हणजे माणूस चढत असताना खालची शिडी काढून घेणं. या नियमाबद्दल मला पुढे थोडं बोलायचंय. तोवर तुम्ही बसून घ्या आणि मामींना पाण्याचा ग्लास जवळ ठेवायला सांगा.

मी ही वादनं मागवली तेव्हा तुम्ही फोनवर मला पुन्हा माझं नाव विचारलं होतंत. साहजिक आहे. लहानपणी तुम्ही मला मैफलीला नेलं आणि आलाप चांगला रंगात आल्यावर मी खणखणीत आवाजात "सुरू कधी होणार?" असं विचारलं, तेव्हापासून मी तुमच्या लेखी बधिर. पण मामा, वादनं माझ्यासाठी नव्हतीच. तुम्हाला दवाखान्याचं नाव काढलं की विषय बदलायची सवय आहे, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या डायलिसिसच्या खोलीत भिंतीला लागून सहा खुर्च्या आहेत, प्रत्येकीशेजारी एक मशीन. मूत्रपिंडं थकली की त्यांचं काम ते मशीन करतं: दंडातून रक्त नळीने बाहेर येतं, धुतलं जातं, दुसऱ्या नळीने परत जातं. एका बैठकीला चार तास, आठवड्यातून तीनदा. दुखतं म्हणाल तर सुई टोचण्यापुरतं. खरा त्रास वेळेचा. पूर्वी भिंतीवर एक टीव्ही होता आणि रिमोटवरून रोज महाभारत व्हायचं. एका दुपारी टीव्हीने प्राण सोडला. कुणी हळहळलं नाही. पण तासाभराने बघते तर सहा माणसं सहा मशीनांकडे टक लावून बसलेली. आणि मशीनकडे बघत बसलं ना, की माणसाला दुसरं काही दिसत नाही, अजून किती उरलंय तेवढंच दिसतं. त्यावर उपाय म्हणून मला तुम्ही आठवलात. चार चार तास एका जागी बसून न कंटाळणारा माणूस आमच्या खानदानात दुसरा कुणी नाही.

दुपारच्या शिफ्टमधल्या दोघांची ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजेल. एक गणिताच्या बाई. निवृत्त आहेत, अंगाने चिमणीएवढ्या, पण खोलीत कुणाचंही वाक्य चुकलं तर दुरुस्त केल्याशिवाय राहत नाहीत. मी सुई टोचली की दहापैकी गुण देतात. (माझा उच्चांक साडेसात आहे. ज्या दिवशी मिळाले त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं होतं.) दुसरे क्रेनकाका. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली. माणूस कपाटाएवढा. येऊन बसायचे ते भिंतीकडे तोंड करून. कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही. एकदाच मला म्हणाले होते, "ताई, खुंट्याला बांधलेलं ढोर आणि मी, फरक काय सांगा." मग ते मधूनमधून यायचेच टाळू लागले. हे टाळणं म्हणजे शाळा बुडवणं नव्हे, मामा. अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, छातीत भरतं, झोपता येत नाही. असे ते दोनदा ॲम्ब्युलन्समधून आले. त्यांची सून दाराबाहेर ओढणीने डोळे पुसत उभी. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, तिसऱ्या वेळेची मी खात्री देत नाही.

आता वादनांकडे येते. तुम्ही लिहिलं होतं की सुरुवात बीनेपासून (म्हणजे रुद्रवीणा, गारुड्याची नव्हे) करा, कान धुऊन निघतील. म्हणून पहिल्या दुपारी बीन लावली. खोलीत गंभीर, खोल, एकेक स्वर. थोड्या वेळाने क्रेनकाकांनी भिंतीकडूनच विचारलं की मशीन बिघडलंय का, घरघर येतेय. मी म्हटलं, हे संगीत आहे. ते म्हणाले, मग दुरुस्त करायची सोय नसेल. त्यानंतर एकेक करून सगळे झोपले. तसे झोपले की नुसतं बघून कुणालाही वाटावं काहीतरी अघटित झालं. वाटलंही. डॉक्टर राउंडला दारात आले, सहाच्या सहा माना कललेल्या, माझी मदतनीस पोरगी स्टुलावर बसल्याबसल्या भिंतीला टेकलेली, आणि स्पीकरमधून विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. धावत जाऊन त्यांनी बाईंची नाडी धरली. बाई जाग्या झाल्या, डॉक्टरांच्या घड्याळाकडे बघून "पाच मिनिटं मागे आहे" म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या. मग डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. (मी तुमचं नाव सांगितलं नाही. घराण्याची अब्रू राखली.)

दुसऱ्या खेपेला म्हटलं, जरा जान असलेलं काही लावावं. तुमच्या पत्रात सरोदच्या भीमपलासाला तुम्ही चक्क तीन पानं दिली आहेत. मैफलीतलं जुनं रेकॉर्डिंग, वेळही दुपारची, म्हणजे नियमात बसणारं. लावलं. आलाप झाला, तबला आला, मंडळी जागी होती. क्रेनकाका भिंतीकडेच, पण कान इकडे. मग लय वाढायला लागली आणि माझ्या लक्षात यायच्या आत व्हायचं ते झालं. मामा, द्रुत लय सुरू झाली की माणसाचा हात आपोआप हलतो, हे तुम्ही पत्रात कौतुकाने लिहिलंय. पण ज्या हातात सुया आहेत तो हात हलला, वाकला, की नळीत दाब चढतो आणि मशीन ओरडतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक टेलर असतात, आधी त्यांचं मशीन ओरडलं. मग बाईंचं. (बाई नंतर म्हणाल्या, मी हलवत नव्हते, मात्रा मोजत होते.) मग एकामागून एक सगळी. लाल दिवे, पीं पीं पीं, मी आणि मदतनीस पोरगी या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, आणि वर सरोदवाले बुवा कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. त्या गोंधळात मेट्रनबाई आल्या. आमच्या मेट्रनबाई ओरडत नाहीत. त्या हळू बोलतात, आणि म्हणूनच आपल्या पाचावर धारण बसते. त्यांनी एवढंच सांगितलं: संगीत हवं तर ठेवा, पण हात हलवायला लावणारं या खोलीत वाजणार नाही.

बसलात ना? तर मग पुढच्या वेळी मी तोच भीमपलास लावला आणि द्रुत सुरू होणार अशी चाहूल लागताच बंद केला. हो. केला. शिडी काढून घेतली. बाईंनी "अन्याय आहे" एवढाच शेरा मारला. क्रेनकाका मात्र आयुष्यात पहिल्यांदा भिंतीपासून माझ्याकडे वळले.

"पुढे काय झालं?" ते म्हणाले.

"कशाचं?"

"ह्याचं. वर चढवलं ना त्याने इतकं. मग ठेवलं कुठे?"

मी म्हटलं वेळ संपलीय, पुढच्या वेळी. (वेळ संपली नव्हती, मेट्रनबाई बाहेर उभ्या होत्या.) पण पुढच्या वेळी, मामा, हा माणूस सर्वांच्या आधी येऊन खुर्चीत बसलेला! न बोलावता, न रडवता. बाहेर सून माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय. आणि तिथे मला अक्कल सुचली म्हणा किंवा पाप सुचलं म्हणा. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि मागच्यापेक्षा थोडंसंच पुढे जाऊ दिलं. तेही एवढं हळू आवाजात, की हलायचं झालं तर पायाचा अंगठा हलेल. पुन्हा बंद. आणि पुढच्या वेळी दुसरं वादन, तेही अर्धं. सतार अर्धी, बासरी अर्धी. तुमच्या निवडीतलं एकही वादन मी या खोलीत धड शेवटाला नेलं नाही. तुम्ही ज्याला तीन पानं दिलीत त्याला तर मी कथेकऱ्यासारखं "उरलेलं उद्या" करून वापरलं. तुम्ही मला बधिर म्हणत होतात, आता कसाई म्हणाल. म्हणा. पण माणूस येत होता.

नुसता येत नव्हता, भांडत होता. अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीचा शेवट काय असेल यावर त्यांचं आणि बाईंचं जे सुरू झालं, त्यापुढे टीव्हीच्या काळातली रिमोटची भांडणं म्हणजे पोरखेळ. बाईंचं म्हणणं, सगळा हिशेब आहे, किती मात्रांनी कुठे यायचं ते आधीच ठरलेलं असतं. काकांचं म्हणणं, काही ठरलेलं नसतं, वारा बघून माल उतरवावा लागतो, आणि हा बासरीवाला तर उगाच लटकवत ठेवतो. बाई म्हणायच्या तुम्हाला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. काका म्हणायचे तुम्हाला तरी कुठे कळतं, तुम्ही नुसती बेरीज करता. (दोघांचंही बरोबर होतं. दोघांनाही काही कळत नाही. मी स्वतः बधिर असल्याने हे खात्रीने सांगू शकते.) एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत होतं. भीमपलासाच्या रेकॉर्डिंगमध्ये श्रोत्यांतला कुणीतरी ऐन मोक्याच्या जागी खोकतो. तो खोकणारा मीच, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. इथे बाई म्हणाल्या, या माणसाला हॉलबाहेर काढायला हवं होतं. काका म्हणाले, मी काढला असता. मी त्या वेळी गॉज मोजायला कपाटात डोकं घातलं.

हळूहळू काकांची सूज उतरली. जिना चढून यायला लागले. पाणी बेतानं प्यायला लागले, कारण पाणी जास्त झालं की मशीनवर पायात गोळे येतात आणि मग ऐकण्यात लक्ष लागत नाही. डॉक्टर खूश. (डॉक्टरांना वाटतंय की हा त्यांनी बदललेल्या गोळीचा गुण आहे. मी त्यांना गोळीतच राहू दिलंय.)

आणि मग एक दिवस त्यांच्या सुनेचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाली, ताई, बाबांना हेडफोन आणून दिलेत, तुम्ही लावता ते सगळं मला फोनवर सापडलं, आता घरी बसून पूर्ण ऐकतात, शेवटपर्यंत! बिचारीने किती प्रेमाने केलं होतं. पुढच्या पाळीला खुर्ची रिकामी. बाई आल्या, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, हात पुढे केला. मी सुई टोचली. गुण दिले नाहीत. मी भीमपलास लावला तर म्हणाल्या, राहू द्या आज. त्याच्या पुढच्या पाळीलाही खुर्ची रिकामीच. फोन केला तर सून म्हणाली, बाबा उद्या येतो म्हणतात, पाय परत सुजलेत, खुर्चीतच बसून झोपतात. त्या फोनमध्ये आता आनंद नव्हता.

ड्यूटी संपवून मी तशीच त्यांच्या घरी गेले. (नियमात बसत नाही. तुमचे नियम मोडायची सवय लागली की माणूस दवाखान्याचेही मोडतो.) दुसरा मजला, जिन्यात सायकली, दारात त्यांचे भलेमोठे बूट. काका खिडकीशी आरामखुर्चीत, पाय स्टुलावर, पायांची पार उशी झालेली, श्वास धापेला लागलेला, आणि कानाला हेडफोन. मला बघून त्यांनी एक कान मोकळा केला. दुसरा केला नाही.

"ऐकलंत का सगळं?" मी विचारलं.

"ऐकलं."

"मग? कुठे ठेवलं त्याने?"

"ठेवलं बरोबर." मग बराच वेळ ते दम खात होते. "पण एकट्याने ऐकलं की लवकर संपतं, ताई. संपल्यावर करायचं काय?"

मला बोलायचं होतं पुष्कळ. पोटॅशियम, हृदय, फुप्फुसातलं पाणी. सगळं जिभेवर आलं होतं. पण हे सगळं डॉक्टरांनी सांगून झालंय, सुनेने रडून झालंय, हे आठवलं. तोंडातून भलतंच निघालं.

"बाई म्हणत होत्या, द्रुत लय म्हणजे नुसती घाई. खरी कला आलापातच संपते. पुढचं ऐकलं नाही तरी चालतं."

काकांनी दुसरा कानही मोकळा केला. "असं म्हणाल्या?"

"म्हणाल्या."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

(मामा, बाई असं काहीही म्हणाल्या नव्हत्या. बाई दोन पाळ्या तोंड उघडत नव्हत्या.)

"सूनबाई," काकांनी हाक मारली, "माझे बूट आण."

बूट चढेनात. अनवाणीच आले. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना मशीनवर घेतलं. अंगातून इतकं पाणी निघालं की माझी मदतनीस पोरगी वजनकाट्याकडे संशयाने बघायला लागली. संगीत वगैरे काही नव्हतं. ते डोळे मिटून पडले होते आणि मी त्यांच्या श्वासाची घरघर कमी होताना ऐकत होते. तुम्हाला सांगते मामा, त्या दिवशी मला पहिल्यांदा आलाप कळला. काही घडत नाही, काही घडत नाही, आणि तरी आपण उठू शकत नाही.

पुढच्या दुपारी ते पायात बूट घालून आले. बाईंच्या खुर्चीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, द्रुतला घाई म्हणालात म्हणे. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलीचा चेहरा त्यांनी जन्मभर पाहिलाय, माझा ओळखायला त्यांना क्षणसुद्धा लागला नसेल.

"म्हणाले," त्या म्हणाल्या. "आणि आत्ताही म्हणते. बसा. उभे काय राहिलात?"

ते बसले आणि दोघांची जी जुंपली, ती ऐकून मेट्रनबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता संगीतही जाणार आणि बहुतेक मीही. त्यांनी नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, वाद कशावरून आहे. सहा जणांनी एकदम सांगितलं. मग त्यांनी जे केलं त्याची मी स्वप्नातही कल्पना केली नव्हती. सहा उशा मागवल्या. प्रत्येकाचा सुयांचा हात उशीवर ठेवून वरून मऊ पट्टीने सैलसा बांधायला लावला, दुसरा हात मोकळा. म्हणाल्या, ताल द्यायचा तर त्या हाताने द्या आणि एकदाचा काय तो निकाल लावा. आणि स्वतः माझ्या स्टुलावर बसल्या.

त्या दुपारी भीमपलास पूर्ण झाला, मामा. द्रुत आली, सहा मोकळे हात खुर्च्यांच्या दांड्यांवर पडत होते (सगळे निरनिराळ्या तालात), लय चढत गेली, चढत गेली, आणि एकही मशीन ओरडलं नाही. मेट्रनबाईंची चप्पल हलत होती. शेवटी ते सगळं जिथे येऊन थांबलं, तिथे मलासुद्धा कळलं की हीच ती जागा, दुसरीकडे कुठे ठेवताच आलं नसतं. नुसते पंप फिरत होते.

मग काका म्हणाले, "आता बोला."

बाईंचे डोळे ओले होते. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि म्हणाल्या, "घाई आहे."

काका इतके हसले की आता यांचा हात उशीवरून सुटतो असं वाटून मेट्रनबाई उठल्या.

त्यानंतर त्यांनी एकही पाळी चुकवली नाही. हेडफोन त्यांनी सुनेला देऊन टाकले, ती बसमध्ये वापरते. परवा मला म्हणाले, खुंट्याला बांधलंय खरं ताई, पण आता खुंट्याशी गप्पा मारणारं कुणीतरी आहे. आमचे टेलर दुपारची शिफ्ट सोडून सकाळची घ्यायला तयार नाहीत. सकाळचे लोक तक्रार करताहेत की चांगले राग दुपारवाल्यांना मिळतात. म्हणजे तुमच्या निवडीचा एकूण परिणाम असा: एक डॉक्टर घाबरले, एक माणूस वाचला आणि एका खोलीत दोन पक्ष झाले. तुम्ही पत्रात "कान धुऊन निघतील" एवढंच आश्वासन दिलं होतं. त्या मानाने बरंच साधलं.

दुपारची मंडळी येऊ लागली आहेत, थांबते. मामींना नमस्कार. तुम्हाला पुन्हा एकदा साष्टांग, जागा मिळेल तेव्हा.

तुमची,
बधिर भाची

ता.क. व्हायोलिन हवंय. बाईंना व्हायोलिन हवं आहे आणि काकांना काहीही चालेल, पण मोठं हवं. पाठवण्याची घाई नाही.

ता.क. २. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिते. मामींचा फोन आला होता. तुमचे रिपोर्ट मला कळले आहेत. लवकरच मशीन लागेल असं तुम्हाला डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, त्याआधी हाताची एक छोटी शस्त्रक्रिया करून सुया टोचण्याजोगी शीर तयार करायची असते, आणि तुम्ही ती "बघू" म्हणून टाळताय, हेही कळलं. मामा, ती शीर तयार व्हायला काही आठवडे लागतात. आत्ता केली तर सगळं सावकाश, नीट होतं. टाळली तर ॲम्ब्युलन्स, आणि मी ती दोनदा पाहिली आहे. तुमच्या गावातल्या दवाखान्यात चौकशी केली. माणसं चांगली आहेत, पण त्यांचा टीव्ही चालू आहे. म्हणून तुम्ही आणि मामी इकडे या. लेकीने खोली द्यायचं कबूल केलंय, तेही दार उघडून. आमच्या सर्जनशी बोलून ठेवलंय, डावा हात करतील. पहिली सुई मीच टोचीन. मला भीती वाटते आहे, तुम्हाला वाटत असेल तर त्यात काही कमीपणा नाही. मामींवर रागावू नका, त्यांनी मला काहीएक सांगितलेलं नाही. (असं लिही म्हणून त्यांनीच सांगितलंय.)

ता.क. ३. बाई म्हणतात की ही वादनं ज्याने निवडली त्याला सतारीतलं काही कळत नाही. मी म्हटलं, हे तुम्ही त्यांच्या तोंडावर सांगा. त्या म्हणाल्या, येऊ देत. (हे मात्र त्या खरंच म्हणाल्या.)